वीरभद्रप्पा आणि हरवलेली लिबनाद

सोलापुरात नाटक बघणाऱ्यांनी वीरभद्रप्पांना फारसं कधी पाहिलेलं नाही, पण ऐकलंय मात्र सगळ्यांनी. भर एप्रिलात रंगमंदिरात पाऊस पडायचा, तो त्यांचा. राजाच्या दारात घोडा येऊन थांबायचा, तो घोडा म्हणजे नारळाच्या दोन करवंट्या आणि वीरभद्रप्पांची मनगटं. पत्र्याच्या भल्यामोठ्या तुकड्याला त्यांनी विंगेत हलकेच झटका दिला की इकडे आभाळ गडगडायचं आणि पुढच्या रांगेतली पोरं आईच्या कुशीत शिरायची. टाळ्या नटांना मिळायच्या. त्याचं वीरभद्रप्पांना कधी काही वाटलं नाही. आवाज इतका खरा हवा की टाळी वाजवायचं कुणाला सुचूच नये, असं त्यांचं म्हणणं.

दिवसा ते कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर. संध्याकाळी गाडी धरायची, सोलापूर गाठायचं आणि विंगेत हजर व्हायचं. पुढे करवंट्या गेल्या आणि टेपरेकॉर्डर आला, टेपरेकॉर्डर गेला आणि कॉम्प्युटर आला. नव्या वस्तूला ते कधी बुजले नाहीत. बंद पेटी दिसली की आत काय आहे हे पाहिल्याशिवाय त्या माणसाला जेवण गोड लागत नसे. निवृत्तीनंतर नवी पेठेच्या मागच्या गल्लीत बिऱ्हाड थाटलं, तेव्हा बायकोनं, पार्वतम्मानं, एकच अट घातली होती. मिक्सर उघडायचा नाही.

त्यांच्या बहिणीचा मुलगा श्रीशैल तेव्हा सोलापुरातच इंजिनिअरिंग शिकत होता. मामाची विंगेतली धावपळ पाहून त्यानं त्यांच्यासाठी एक प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं ‘तिसरी घंटा’. कीबोर्डच्या एकेका बटणावर एकेक आवाज. एक बटण दाबलं की पाऊस लागायचा, दुसरं दाबलं की तो हळूहळू ओसरायचा, तिसऱ्यानं त्यावर वीज कडाडायची. आगगाडी तर डाव्या स्पीकरमधून यायची आणि सगळं थिएटर ओलांडून उजव्या स्पीकरमधून निघून जायची. हा प्रोग्राम चालायचा लिनक्सवर. श्रीशैल त्या काळात लिनक्सच्या अगदी नादी लागला होता. “फुकट आहे मामा,” तो म्हणाला होता, “आणि आत डोकवायला कुणाची परवानगी लागत नाही.” वाक्याचा दुसरा अर्धा भाग ऐकून वीरभद्रप्पांनी होकार दिला होता.

मग मधली बरीच वर्षं त्यांचं नाट्यमंडळ थंड पडलं. कुणी गाव सोडलं, कुणी हौस सोडली. श्रीशैल पुण्याला नोकरीला गेला. आणि या वर्षी इंद्रजीत नावाच्या चाळिशीतल्या दिग्दर्शकानं, दिवसा बँकेत आणि संध्याकाळी तालमीत असणाऱ्या माणसानं, मंडळाचं एक जुनं नाटक पुन्हा उभं करायचं ठरवलं. नाटक घडतं छोट्या, नॅरोगेज लाइनवरच्या एका स्टेशनात. शेवटच्या प्रवेशात घर सोडून निघालेली नायिका फलाटावर उभी असते. लांबून शिट्टी ऐकू येते. ती मान वळवते. जायचं की राहायचं, ते त्या मान वळवण्यात ठरतं. संवाद एकही नाही. आहे ती फक्त शिट्टी.

ती शिट्टी वीरभद्रप्पांनी कुर्डुवाडीच्या छोट्या गाडीची घेतलेली होती, ती गाडी चालू होती तेव्हा, बाभळीखाली टेपरेकॉर्डर घेऊन बसून. आता ती लाइन रुंद झाली, ती इंजिनं गेली. कॅसेटला कधीच बुरशी लागली होती. शिट्टी उरली होती एकाच ठिकाणी, ‘तिसऱ्या घंटे’च्या पोटात. श्रीशैलनं सगळे आवाज आपल्याच एका पद्धतीनं त्या प्रोग्रामच्या एका मोठ्या फाइलमध्ये बांधून ठेवले होते. दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामला ते उघडता येत नसत.

“अप्पा, आवाज तुमीच करायचा,” इंद्रजीत घरी येऊन म्हणाला. “रविवारी प्रयोग. गुरुवारी पडद्यासकट तालीम.”

“व्हय की,” वीरभद्रप्पा म्हणाले.

आता झालं होतं असं की त्यांच्या कॉम्प्युटरची जुनी डिस्क थोड्याच दिवसांपूर्वी बसली होती. पेठेतल्या दुकानदारानं नवी डिस्क घालून तिच्यावर नवं कोरं लिनक्स टाकून दिलं होतं. ‘तिसरी घंटा’ पेनड्राइव्हवर जपलेली होती. ती नव्या डिस्कवर उतरवली, चित्रावर टिचकी मारली. बाण थोडा गरगरला. मग काहीच नाही.

पुन्हा टिचकी. पुन्हा काहीच नाही.

त्यांनी श्रीशैलला फोन लावला.

“काय झालं मामा?”

“काय झालं न्हाय, तेच सांगलालोय. टिचकी मारली की गप्प.”

“एरर काय देतोय?”

“गप्प म्हणालो की रे.”

श्रीशैल हसला. “टर्मिनल उघडा. ती काळी खिडकी. तिथं प्रोग्रामचं नाव लिहून चालवा. चित्रावरनं बोलावलं की तो काय तक्रार करतो ते आपल्याला ऐकू येत नाही. काळ्या खिडकीत येतं.”

वीरभद्रप्पांनी तसं केलं आणि खरंच, मुकं पात्र बोललं. इंग्रजीत एक लांब ओळ आली. ती त्यांनी रेल्वेची नोटीस वाचावी तशी एकेक शब्द सुटा करून वाचली. शेअर्ड लायब्ररी चढवताना चूक. लिबनाद डॉट एसओ डॉट दोन ही फाइल उघडता येत नाही. अशी फाइल किंवा फोल्डर नाही.

“श्रीशैल, ही लिबनाद कोण?”

“कोण म्हणे?” स्वयंपाकघरातून पार्वतम्मानं विचारलं.

“हरवलीया एक. तू भाकरी बघ.”

श्रीशैल समजावू लागला. “मामा, आवाज वाजवणं, तो बारीक-मोठा करणं, इकडून तिकडं सरकवणं, हे मी स्वतः नव्हतं लिहिलं. ते काम तयार मिळतं. लिबनाद नावाची लायब्ररी ते करते. माझा प्रोग्राम सुरू होताना तिला बोलावतो. माझाच नाही, आवाजाचे बाकीचे प्रोग्रामही तिलाच बोलावतात. एकदाच ठेवायची, सगळ्यांनी वापरायची. म्हणून शेअर्ड.”

वीरभद्रप्पा चष्मा काढून खुर्चीत मागे रेलले. त्यांना मंडळाची कपडेपटाची ट्रंक आठवली. नाटकं कितीतरी, ट्रंक एकच. पौराणिकात इंद्राच्या डोक्यावर असलेला मुकुट दुसऱ्या दिवशी ऐतिहासिकात महाराजांच्या डोक्यावर. दर नाटकानं स्वतःचा मुकुट बाळगायचा म्हटलं तर दौऱ्याला मालगाडी लागली असती. नाटकाच्या संहितेत नुसतं लिहिलेलं असे, ‘मुकुट घालून प्रवेश’. मुकुट ट्रंकेत आहे हे गृहीतच.

“म्हणजे कपडेपट की,” ते म्हणाले. “दुकानदारानं ट्रंकच बदलली. संहिता जुनी, ट्रंक नवी.”

“एकदम बरोबर.”

“मग नव्या ट्रंकेत ही बया नसतेच का?”

“असेल, पण पुढच्या नंबरची. माझा प्रोग्राम दोन नंबरची मागतो. आता मीटिंग आहे मामा, संध्याकाळी बोलू. एलडीडी असं लिहून त्यापुढं प्रोग्रामचं नाव लिहा, म्हणजे कोण हजर, कोण गैरहजर ते कळेल.”

एलडीडी ही आज्ञा वीरभद्रप्पांना फारच आवडली. तालमीच्या आधी मॅनेजर हजेरी घेतो तसा प्रकार. ‘तिसरी घंटा’ कुणाकुणाला बोलावते त्यांची नावं एकाखाली एक आली आणि प्रत्येकापुढं तो पठ्ठ्या कुठं बसलाय त्याचा पत्ता. फक्त लिबनादपुढं दोन शब्द, ‘सापडली नाही’. इतकी वर्षं आपण एका प्रोग्रामला एकटा समजत होतो आणि त्याच्यामागे एवढी मंडळी उभी होती, याचं त्यांना नवल वाटलं. त्यांनी दुसऱ्या प्रोग्रामची हजेरी घेतली. मग कॅल्क्युलेटरची घेतली. कॅल्क्युलेटरच्या मागे एवढी माणसं पाहून ते स्वतःशीच हसले. दुपारचं जेवण पार निवलं.

“साकु,” पार्वतम्मा म्हणाली. पुरे, असं तिला म्हणायचं असलं की ती माहेरच्या कानडीत म्हणायची. “शिट्टी सापडली का?”

“शिट्टी हाय गं. ती वाजवणारी न्हाय.”

नव्या लिनक्सच्या ट्रंकेत त्यांनी शोध घेतला. लिबनाद होती. पण तिच्या नावाच्या शेवटी होता चार. दोन कुठंच नाही.

इथं वीरभद्रप्पांमधला फिटर मागे राहिला आणि विंगेतला माणूस पुढे झाला. नट आला नाही तर नाटक थांबत नसतं. दुधनीच्या जत्रेतल्या प्रयोगाला दिवाणाचं काम करणाऱ्याची गाडी चुकली होती. तेव्हा वीरभद्रप्पांनीच अडतीच्या दुकानातला त्याच अंगलटीचा एक कारकून धरून आणला, दिवाणाचा अंगरखा चढवला, मिशी डकवली आणि ढकलला रंगमंचावर. पहिला अंक काय दिमाखात उभा राहिला होता तो!

त्यांनी तेच केलं. लिनक्समध्ये एका फाइलला दुसऱ्या नावाची पाटी लावता येते. कुणी त्या नावानं हाक मारली की ओ देते ती मूळ फाइल. चार नंबरच्या लिबनादला त्यांनी दोन नंबरची पाटी लावली, सिस्टीमच्या ट्रंकेतच, पासवर्ड वगैरे देऊन. आणि ‘तिसऱ्या घंटे’ला हाक मारली.

खिडकी उघडली. तीच जुनी, श्रीशैलनं काढलेलं पितळी घंटेचं चित्र असलेली. वीरभद्रप्पांनी बटण दाबलं. पाऊस लागला. वीज कडाडली. घोडा आला. पार्वतम्मा गच्चीवरचे कपडे काढायला म्हणून निम्म्या जिन्यापर्यंत गेली आणि आभाळाकडं बघून परत आली.

“लाज वाटत न्हाय का ओ या वयात?” ती म्हणाली.

शिट्टीचं बटण मात्र त्यांनी दाबलं नाही. ती मंडळाची जुनी रीत. नाटकाचा कळसाचा आवाज नटासमोरच पहिल्यांदा वाजवायचा. घरात, रिकाम्या थिएटरात, गंमत म्हणून कधी नाही. तो आवाज वापरून शिळा होतो, असं त्यांना शिकवणाऱ्यांनी त्यांच्या मनावर ठसवलेलं होतं आणि वीरभद्रप्पांनी ते आयुष्यभर पाळलं होतं.

इंद्रजीतला त्यांनी फोन केला. “आवाज तयार हाय.”

गुरुवारी तालीम रंगली. पाऊस वेळेवर पडला, वेळेवर थांबला. नायिकेचं काम करणारी धनलक्ष्मी शाळेत शिक्षिका आणि आवाजाला पक्की. विंगेतल्या वीरभद्रप्पांकडं बघून तिनं दोनदा मान डोलावली. शेवटचा प्रवेश आला. फलाटावर ती एकटी, हातात पिशवी. दिवे मंद झाले. वीरभद्रप्पांनी बटण दाबलं.

घंटेचं चित्र नाहीसं झालं. खिडकी गेली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर नुसता निळा रंग.

रंगमंचावर धनलक्ष्मी वाट बघत उभी. एक क्षण, दोन क्षण. मग तिनं पिशवी खाली ठेवली. “अप्पा, गाडी लेट हाय का?”

सगळे हसले, वीरभद्रप्पासुद्धा. पण पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. पाऊस चालतो, घोडा चालतो, शिट्टीच्या बटणावर सगळं कोसळतं. इंद्रजीतनं शेवटी खिशातून फोन काढला आणि इंटरनेटवरची एक आगगाडी लावली. धडधडत, भोंगा वाजवत एक अवाढव्य गाडी आली. वीरभद्रप्पांनी ती लक्षपूर्वक ऐकली. आवाज चांगला घेतला होता. पण इंजिन डिझेलचं, डबे भरमसाट, आणि आजूबाजूला कुठलं तरी मोठं जंक्शन.

“या गाडीत मी न्हाय बसायची,” धनलक्ष्मी म्हणाली. “ही आपल्या स्टेशनात थांबतच न्हाय.”

“चालवून घ्यावं लागेल बाई.” इंद्रजीत वीरभद्रप्पांजवळ आला, त्यांचा हात हातात घेतला. “अप्पा, मनाला लावून घेऊ नका. रविवारी तुमी पहिल्या रांगेत बसा. इतकी वर्षं मागं राबलाव, एकदा पुढनं बघा.”

तो हे मनापासून म्हणाला होता. म्हणूनच ते जास्त लागलं. पुढनं नाटक कसं दिसतं हे वीरभद्रप्पांना खरोखरच माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. “शनिवारपर्यंत थांब,” ते म्हणाले. “मग सांग.”

घरी आल्यावर त्यांनी काळ्या खिडकीतून प्रोग्राम चालवला आणि आयुष्यभराची रीत मोडून शिट्टीचं बटण दाबलं. मेला तो, पण मरताना बोलला. आवाज एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकवण्याच्या कामाचं नाव घेऊन तो म्हणत होता, हे लिबनादमध्ये कुठं नाही.

“नवीन लिबनादमध्ये ते काम काढून टाकलंय,” फोनवर श्रीशैल म्हणाला. “दुसऱ्या नावानं, दुसऱ्या तऱ्हेनं दिलंय. नंबर बदलतो तो त्याचसाठी मामा. दोन मागणाऱ्यानं चारवर विसंबू नये म्हणून. तुम्ही काय केलं? पाटी बदलली?”

“अंगरखा चढवला.”

“काय?”

“दुधनीच्या दिवाणासारखं,” वीरभद्रप्पा म्हणाले आणि दिवाणाची गोष्ट त्याला सांगितली, पहिल्या अंकाच्या दिमाखापर्यंत.

“आणि तिसऱ्या अंकाचं सांगा की त्याला,” पार्वतम्मा मागून म्हणाली. ती त्या प्रयोगाला प्रेक्षकांत होती. “राजानं विचारलं, दिवाणजी, खजिना कुठं आहे? तर तो म्हणाला, ‘गोत्तिल्ल री.’ मला नाही माहीत, म्हणून मोकळा. राजासकट सगळे गार.”

श्रीशैल पुण्यात मोठ्यानं हसला. हसता हसता म्हणाला, “हेच झालंय. उभं राहायला कुणीही चालतं. वाक्य आलं की कळतं.” मग म्हणाला, “मामा, मी नवा प्रोग्राम लिहून देऊ का? महिनाभर लागेल. मूळ लिखाण तर माझ्याकडं उरलंच नाही.”

“महिन्याभरानं काय करू? रविवारी गाडी यायचीय.”

“मग खरी दोन नंबरची शोधू. लिनक्सच्या जुन्या आवृत्त्यांचं सामान इंटरनेटवर जपून ठेवलेलं असतं. मी जागा सांगतो.”

शुक्रवारी सकाळी वीरभद्रप्पा त्या भांडारात शिरले आणि दुपारपर्यंत बाहेर आले नाहीत. कुणी कुणी केव्हा केव्हा लिहिलेल्या लायब्ऱ्या, टाकून न देता, नंबरवार लावून ठेवलेल्या. काय कधी बदललं, का बदललं, कुणी बदललं, याची टिपणंसुद्धा सोबत. आमच्या मंडळाला एवढी अक्कल असती तर, असं त्यांना वाटून गेलं. मंडळाची ती ट्रंक कुणाच्या तरी माळ्यावरून भंगारात गेली होती.

खरी लिबनाद दोन सापडली. आधी त्यांनी चारला लावलेली खोटी पाटी सिस्टीमच्या ट्रंकेतून काढून टाकली. मग दोन नंबरची उतरवून ‘तिसऱ्या घंटे’च्याच फोल्डरमध्ये ठेवली, अगदी मांडीला मांडी लावून. प्रोग्राम चालवला. उत्तर तेच. लिबनाद दोन सापडली नाही.

वीरभद्रप्पांनी फाइलचं नाव अक्षर अक्षर ताडून पाहिलं. बरोबर होतं. शेजारी बसलीय आणि हा म्हणतो सापडत नाही! त्यांना राग आला नाही. उलट खुर्ची पुढं ओढून घेत ते काळ्या खिडकीकडं असे बघायला लागले, जसं एखाद्या चतुर पोराकडं बघावं. याचं काहीतरी कारण असणार, आणि ते मजेचं असणार.

“तो शेजारी बघतच नाही,” श्रीशैल फोनवर म्हणाला. “लायब्ररी शोधायच्या जागा ठरलेल्या असतात, सिस्टीमची ठरावीक फोल्डरं. तुमची नटी रंगपटात नाही बसलेली. ती प्रेक्षकांत बसलीय. कॉल देणारा रंगपटातच हाक मारतो.”

“मग तिला रंगपटात ठेवू?”

“सिस्टीमच्या जागी ठेवता येईल. पण एकाच नाटकाला लागतो तो जुना अंगरखा सगळ्यांच्या ट्रंकेत कशाला? त्यापेक्षा कॉल देणाऱ्याला सांगा, या नाटकापुरतं आधी इथंही बघ. एलडी लायब्ररी पाथ लिहून पुढं तुमच्या फोल्डरचा पत्ता द्या आणि त्याच ओळीत प्रोग्राम चालवा.”

वीरभद्रप्पांनी ओळ लिहिली. आता मात्र वेगळीच तक्रार आली. लिबनाद सापडली, पण लिबताल डॉट एसओ डॉट एक सापडत नाही.

“ही आणि कुठली?” ते म्हणाले. “हिला तर आपण बोलावलं नव्हतं.”

“तुम्ही नाही, लिबनादनं बोलावलंय.”

त्यांना एकदम उकललं. जुन्या गायिका यायच्या त्या आपला तबलजी घेऊनच. त्याच्याशिवाय तोंड उघडायच्या नाहीत. गायिका आल्याशिवाय तबलजी लागणार हे कळणार कसं? म्हणून पहिल्या हजेरीत त्याचं नाव नव्हतं. त्यांनी भांडारातून लिबताल आणली, लिबनादशेजारी बसवली, आणि एलडीडीनं पुन्हा हजेरी घेतली. सगळे हजर. प्रत्येकापुढं पत्ता. ‘सापडली नाही’ कुठंच नाही.

प्रोग्राम उघडला. पाऊस पडला.

बोट शिट्टीच्या बटणावर गेलं आणि तिथंच थांबलं. काल रीत मोडली ती मोडली, पण कालचं वाजलं कुठं होतं? आवाज अजून कोराच होता.

“दाबा की ओ,” पार्वतम्मा म्हणाली. “पुन्हा रविवारी तोंडघशी पडायचंय का?”

ती म्हणत होती ते खोटं नव्हतं. वीरभद्रप्पांनी श्रीशैललाच विचारलं, “न वाजवता कळंल का रे, हिला तिसऱ्या अंकाची वाक्यं येतात का?”

 श्रीशैल म्हणाला, “कळेल. एरवी तो कॉल देणारा आळशी असतो, ज्या कामाची जेव्हा वेळ येते तेव्हाच ते काम शोधतो. म्हणून काल शिट्टीपर्यंत रेटलं. पण ओळीच्या सुरुवातीला एलडी बाइंड नाऊ बरोबर एक लिहिलं, तर प्रवेशाआधीच सगळी कामं ताडून घेतो. एक जरी नसलं तरी दारातच अडवतो.”

वीरभद्रप्पांनी तसं लिहून चालवलं. घंटेचं चित्र सुखरूप उघडलं.

पण एवढ्यावर ज्याचं समाधान होईल तो फिटर कसला? दारवान झोपलेला असला तरी दार उघडंच दिसतं. त्यांनी मुद्दाम खऱ्या लिबनादला बाजूला सारलं, त्याच फोल्डरमध्ये चार नंबरला पुन्हा दोनची पाटी लावली आणि तीच ओळ चालवली. खिडकी उघडलीच नाही. काळ्या खिडकीत आवाज सरकवण्याच्या त्याच कामाचं नाव आलं, हे सापडत नाही म्हणून. म्हणजे दारवान जागा होता. तोतया दारातच पकडला गेला होता. वीरभद्रप्पांनी हा खेळ दोनतीनदा केला, कधी खरी आत, कधी खोटी. खरी गेली की दार उघडायचं, खोटी गेली की बंद.

“काय करलालाव एकटेच हसत?” पार्वतम्मानं विचारलं.

“त्या दुधनीच्या कारकुनाला विंगेतच विचारलं असतं ना, खजिना कुठाय म्हणून, तर नाटक वाचलं असतं.”

“त्याला विचारायचं सोडा. तुमाला कुणी सांगितलं होतं, असल्याला मिशी लावा म्हणून?”

शनिवारी इंद्रजीत आला. वीरभद्रप्पांनी त्याला पाऊस ऐकवला, हजेरी दाखवली, तोतयाचा खेळही करून दाखवला. तो बिचारा मान हलवत होता, पण नजर शिट्टीच्या बटणावर.

“ऐकवा की एकदा अप्पा.”

“रविवारी.”

“अप्पा, गुरुवारच्या तालमीआधी पण तुमी तयार हाय म्हणाला होताव.”

वीरभद्रप्पांनी खुर्ची त्याच्याकडं वळवली.    ते म्हणाले, “परवा मी बघितलं न्हवतं, वाटलं होतं. आज बघितलंय. तुला फोनवरची गाडी ठेवायचीय तर ठेव, माझं काय म्हणणं न्हाय. पण आधी माझ्या बोटाला वेळ दे.”

इंद्रजीतनं खिशातून फोन काढून दाखवला. “फोन हातात घेऊन मी तुमच्या शेजारी उभा राहणार,” तो म्हणाला. “धनलक्ष्मीनं तीन श्वास घेतले आणि शिट्टी आली न्हाय, तर मी डिझेल सोडणार.”

“सोड.”

रविवारी रंगमंदिर भरलं होतं. जुनी माणसं आली होती, काठ्या टेकत, एकमेकांना ओळखत आणि चुकीच्या नावानं हाका मारत. पार्वतम्मा पहिल्या रांगेत नवऱ्यासाठी राखलेल्या खुर्चीवर पिशवी ठेवून शेजारच्या खुर्चीत बसली होती. विंगेत छोट्या टेबलावर कॉम्प्युटर. वीरभद्रप्पा त्याच्यासमोर, धुवट पांढऱ्या सदऱ्यात, चष्मा कपाळावर. प्रयोगाआधी त्यांनी ती ओळ लिहून ‘तिसरी घंटा’ उघडली होती. दारवानानं सगळ्यांना आत सोडलं होतं.

पहिला अंक गेला. दुसरा गेला. पाऊस पडून गेला आणि कुणी टाळी वाजवली नाही. शेवटचा प्रवेश लागला. दिवे उतरले. फलाटावर धनलक्ष्मी, हातात पिशवी. शेजारी इंद्रजीत, फोनवर अंगठा.

तिनं पहिला श्वास घेतला. खांदे किंचित वर गेले, खाली आले.

वीरभद्रप्पांनी बटण दाबलं.

डावीकडून, फार लांबून, बाभळींच्या पलीकडून ती आली. छोट्या गाडीची शिट्टी, आधी बारीक, मग जरा घोगरी, मध्येच वाफ कमी पडल्यासारखी चुकलेली आणि पुन्हा सावरलेली. प्रेक्षकांत एक म्हातारा खोकायचा थांबला. शिट्टी थिएटराच्या डोक्यावरून सरकत उजवीकडं निघाली. धनलक्ष्मीनं ती येते तिकडं पाहिलं नाही. ती ऐकत राहिली, आणि शिट्टी निम्म्यावर आली तेव्हा कुठं हळूच मान वळवली, घराच्या बाजूला.

इंद्रजीतचा अंगठा फोनवरून केव्हा निघाला ते त्याचं त्यालाही कळलं नसेल. त्यानं वाकून वीरभद्रप्पांच्या कानात काहीतरी म्हटलं.

“गप,” वीरभद्रप्पा म्हणाले. त्यांचं बोट पुढच्या बटणावर होतं. गाडी लांब जायची होती अजून, आणि ती किती हळू जाऊ द्यायची हे धनलक्ष्मीच्या पाठीकडं बघून ठरवायचं होतं.